गृहपाल बाईंची पंगत

कामाला लागून मला आठवडाही झाला नव्हता. वरच्या मजल्यावरची रिकामी ताटं खाली पोचवून मी व्हरांड्यातून लगबगीनं चालले होते, तर खांबाजवळच्या खुर्चीतून आवाज आला, "ए मुली, जेवलीस का?"

मी तेव्हा चाळिशीला टेकलेली. मुलगी म्हणून हाक आली तशी मागं कुणी आहे का ते बघितलं. कुणी नव्हतं.

"हाव," मी म्हणाले.

"हात दाखव."

वाटलं, नखं बघत असतील. शाळेत करायचो तसे दोन्ही पंजे पुढं केले. खुर्चीतल्या उंच, सावळ्या बाईंनी माझा उजवा हात धरला, नाकाशी नेला, डोळे मिटून वास घेतला आणि सोडून दिला.

"फिनेल जेवलीस वाटतं आज. जा, आधी भाकर खाऊन ये. मग खोटं बोल."

या गृहपाल बाई. नाव विमल वाघमारे, पण त्या नावानं त्यांना फक्त बँकेचा माणूस हाक मारायचा. भोकरला सरकारी मुलींचं वसतिगृह होतं, तिथं त्यांनी सगळी नोकरी गृहपाल म्हणून काढली. हाताचा वास घ्यायची पद्धत तिथलीच. खेड्यातून नवीन आलेल्या पोरी घरच्या आठवणीनं जेवायच्या नाहीत आणि विचारलं की जेवलो म्हणायच्या. "भाजीचा वास साबणानं जात नाही," बाई सांगायच्या. "तोंडानं काही पण बोलता येतं."

आमची ही जागा लातूरच्या बाहेर, उसाच्या फडाला लागून आहे. फाटकावर इंग्रजी नावाची पाटी आहे, पण रिक्षावाले तिला म्हाताऱ्यांचं हॉटेल म्हणतात. प्रत्येकाला वेगळी खोली, पलंगाशी घंटी. सकाळी बीपी बघायला सिस्टर, गोळ्यांचे डबे भरायला दुसरी सिस्टर, गुडघ्यांचा व्यायाम घ्यायला एक मॅडम, आणि अंघोळ घालायला, चालवायला, कपडे बदलायला आम्ही बाया. मी बिलोली तालुक्यातली, तेलंगणाच्या हद्दीवरच्या गावची. नाव गंगामणी. शाळा सातवीत सुटली. नवरा गेल्यावर आई आणि लग्नाला आलेली लेक गावात ठेवून इतक्या लांब आले. सुरुवातीला मला सगळ्याचीच धडकी भरायची. लिफ्टची, मॅनेजर साहेबांच्या बुटांच्या आवाजाची, कुणाचा पाय घसरला तर बोल माझ्यावर येईल याची. बाईंनी मला काय दिलं ते सांगायला बसले तर माझंच पुराण होईल. एवढंच सांगते, त्या दिवसापासून त्या इमारतीत मी एकदाही उपाशी राहिले नाही.

बाई या जागेला होस्टेलच म्हणायच्या. "जन्मभर पोरींना भरती केलं, आता माझी भरती झाली," असं म्हणून खो खो हसायच्या. राहणाऱ्या सगळ्यांना, मग निवृत्त इंजिनियर असो की कुणाची पणजी, त्या "पोरांनो" म्हणून हाका मारायच्या. सकाळी सगळ्यांच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात. नाष्ट्याला सुशीला असली, म्हणजे आपले भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे, तर चिमूटभर तोंडात टाकून आचाऱ्याला विचारायच्या, "दाणे कुठं गेले रे?"

"बाई, दात न्हाईत लोकायला."

"दात नाहीत, जीभ आहे ना? कूट करून टाक."

दुसऱ्या दिवसापासून कूट पडायचं. आचारी कुरकुर करायचा, पण बाई दिसल्या नाहीत की मलाच विचारायचा, "आज तपासणी न्हाई का?"

उन्हाळ्यात टँकर उशिरा आला की अंघोळीला अर्धी अर्धी बादली मिळायची आणि मजल्यावर भांडणं लागायची. आम्ही बाया घाबरून जायचो, कारण भांडणारे आमच्या बापाच्या वयाचे. बाई काठी घेऊन मधोमध खुर्ची टाकायच्या. "पलंगावर पडून असणाऱ्यांची आधी. ज्यांना आज दवाखान्यात जायचंय ते त्यांच्यानंतर. आणि ज्यांना नुसतं घाम आल्यासारखं वाटतंय ते संध्याकाळी."

इंजिनियर काका एकदा तडकले, "बाई, मी रोज अंघोळ करणारा माणूस आहे."

"मग एका दिवसाचा मळ असून असून किती असंल? बसा."

सगळा मजला हसला. काका पण बसले, आणि थोड्या वेळानं तेही हसले.

पण बाईंचा खरा जीव जेवणाच्या हॉलमध्ये होता. आमच्याकडं असा नियम होता, आपल्या हातानं जेवता येतं त्यांनी हॉलमध्ये यायचं आणि ज्यांना भरवावं लागतं त्यांचं ताट खोलीत. मॅनेजर साहेब माणूस वाईट नव्हते. ते म्हणायचे, सांडतं, ओघळतं, चार लोकांसमोर म्हाताऱ्या माणसाला लाज वाटते. शिवाय जागा बघायला रोज कुणी ना कुणी येणार, पहिल्यांदा हॉलच बघणार. आणि भरवायला एकेक बाई हॉलमध्ये गुंतली तर वरच्या घंट्या कोण ऐकणार?

बाईंना हे काही केल्या पटायचं नाही. जेवणाच्या आधी काठी टेकत त्या वरच्या खोल्या फिरायच्या. अर्धांगवायू झालेल्या एक आजी होत्या, तोंड वाकडं झालेल्या, बोलता न येणाऱ्या. बाईंनी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून खाली आणलं, आपल्या शेजारी घेतलं आणि स्वतः चमच्यानं भरवलं. मॅनेजर साहेब आले तर म्हणाल्या, "तुमची बाई गुंतली का? नाही ना? मी रिकामीच आहे." पुढं आजींच्या मुलानं त्यांना पुण्याला नेईपर्यंत त्या रोज हॉलमध्येच जेवल्या.

एका दुपारी मी बाईंच्या डोक्याला तेल लावत होते. मी सहज विचारलं, "बाई, खोलीत गपगार जेवण आणून दिलेलं काय वाईट हो?"

बाईंनी मान पुढं केली. मग म्हणाल्या, "आमच्या गावात लग्न असलं की आमच्या लोकांना सगळ्यात शेवटी बोलवायचे. मांडवात नाही, पलीकडं उकिरड्याच्या अंगाला. वाढणारा वाकायचा नाही. वरून टाकायचा. बुंदी पानावर पडायच्या आधी मातीत पडायची. मी ती वेचून खाल्लीय, मणी. गोड लागली होती, त्याचाच राग येतो." डोकं हलवून म्हणाल्या, "थोडं कानामागं लाव. तेव्हापासून मला वेगळं बसून घास उतरत नाही. होस्टेलला पण मी पोरींच्या पंगतीत बसले रोज. सगळ्या जातीच्या पोरी, एक लाईन, आणि त्या लाईनीत मी."

मी तेल लावत राहिले. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि तो आपोआप थरथरत होता, जात्यावर बसल्यावर माणूस हलतं तसा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढत जाणार. हॉलमधून आपलं ताट एक दिवस वर जाणार हे बाईंना ठाऊक होतं. मला पण. आम्ही दोघी त्याबद्दल बोलायचो नाही, पण बाईंनी वाटी उचलली की माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

त्याच सुमाराला माणिकराव आले. शिरूर अनंतपाळकडचे, घरची बक्कळ जमीन, धोतर-टोपीतला ताठ माणूस. बायको वारलेली, पोरं पुण्याला. पोरांनी आणून सोडलं आणि म्हातारा वाळायला लागला. ताटात अर्धी भाकर, पळीभर वरण, की उठला. सदरा खांद्यावरून घसरायला लागला. रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला, काही निघालं नाही. पोरांना फोन गेले. दवाखान्यात ठेवून नळीनं अन्न द्यायची भाषा सुरू झाली.

माणिकरावांची जागा बाईंच्या टेबलावर होती आणि त्या टेबलाचं वरण बाई स्वतः वाढायच्या, थरथरत्या हातानं, पळी दोन्ही हातांनी धरून. म्हणून स्वयंपाकघरात कुजबुज उठली. जुनं माणूस आहे, बाईंच्या हातचं चालत नसंल. कोण पहिल्यांदा बोललं कोण जाणे, पण ते बाईंच्या कानावर गेलं. दोन दिवस बाईंनी तपासणी केली नाही. तिसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसलेले असताना त्या माणिकरावांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माणिकराव, एक विचारते, खरं सांगा. माझ्या हातचं तुम्हाला चालत नाही का? तसं असेल तर मी या टेबलावरून उठते. पण तुम्ही जेवा."

हॉलमध्ये चमचा वाजेना. माणिकरावांनी हातातली भाकर ताटात ठेवली.

"काय बोलायलाव बाई तुमी?"

"मग जेवत का नाही?"

"आवो, वाढतंय कोण मला?" म्हाताऱ्यानं ताट पुढं सरकवलं. "पोरगी येती, अर्धी पळी टाकती. मी म्हणतो बास. तर ती खरंच जाती की पुढं! तुमी बी तसंच करता."

"मग बास कशाला म्हणता?"

"मग काय म्हणायचं? परक्या पंगतीत बसून वाढ म्हणायचं? मागून खायचं? बास म्हणायची रीत हाय बाई. वाढणाऱ्यानं ती ऐकायची नसती."

आम्हाला तर शिकवलेलंच तसं होतं. एकदा विचारायचं, नको म्हणाले की पुढं व्हायचं, जबरदस्ती करायची नाही. आणि हा म्हातारा इतके दिवस कुणी आग्रह करील म्हणून वाट बघत उपाशी उठत होता.

बाई आधी खुर्चीत बसल्या. मग हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पदर डोळ्यांना लावावा लागला. "म्हाताऱ्या, आणि मी इकडं दोन दिवस काय काय मनात आणून बसले! पोरींनो, आजपासून या माणसाचं अजिबात ऐकायचं नाही. बास म्हणाला की भाकर टाका, हात आडवा केला की हातावर टाका."

माणिकराव त्या दिवशी तीन भाकरी जेवले. पाणी पिऊन झाल्यावर हळूच म्हणाले, "बाई, गावात तुमच्या आमच्या पंगती वेगळ्या होत्या, ते काय खोटं न्हाई. मी तवा तोंड उघडलं न्हाई. आज कुठं लपवू?"

"ताक घ्या," बाई म्हणाल्या आणि ग्लास पुढं सरकवला. पुढं त्या विषयावर दोघं कधी बोललेलं मी तरी ऐकलं नाही. पण तेव्हापासून माणिकराव बाईंसाठी खुर्ची ओढून ठेवायचे आणि बाई आल्या की म्हणायचे, "या, हेडमास्तर."

"गृहपाल," बाई दुरुस्त करायच्या.

"तेच ते. काठी हाय ना हातात?"

दिवाळीनंतर बाईंचा हात फारच बिघडला. आधी त्यांनी पळी सोडली. मग वाटीऐवजी पेला घेतला. मग भाकरीचा काला करून चमच्यानं खायला लागल्या. तरी निम्मा काला पदरावर. एका रविवारी जागा बघायला एक कुटुंब आलं होतं. नवीन साड्या, लहान पोरं. ते हॉलच्या दारात उभे असताना बाईंचा हात उसळला आणि आमटीची अख्खी वाटी त्यांच्याच मांडीवर पालथी झाली. एक पोरगं हसलं. त्याच्या आईनं त्याचे डोळे झाकले, जसं काही वाईट दिसलं असावं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेब बाईंच्या खोलीत येऊन खुर्चीवर न बसता उभ्यानंच बोलले. लई हळू बोलले. "बाई, तुमच्याच भल्यासाठी. वर मणीताई निवांत भरवतील. हॉलमध्ये मला माणूस देता येत नाही, तुम्हाला माहीतय."

मला वाटलं आता काठी आपटणार. बाई म्हणाल्या, "बरं."

मी ताट वर नेलं. घास करून पुढं केला. बाईंनी तोंड उघडलं, घास घेतला, बराच वेळ तोंडात फिरवला आणि नॅपकिनमध्ये काढून ठेवला. "तुझ्यावर राग नाही गं," म्हणाल्या. "उतरत नाही." संध्याकाळी तसंच. दुसऱ्या दिवशी तसंच. मी खिचडी आणली, पेज आणली, घरून आणलेला गूळ कुस्करून दिला. दूध तेवढं जायचं. मी मॅनेजर साहेबांकडं गेले, म्हणाले की बाईंना खाली नेऊ द्या, मी माझ्या जेवणाच्या सुट्टीत भरवते. ते म्हणाले, त्या सुट्टीत वर घंटी वाजली तर? मी दूध गरम करायला गेले.

माणिकराव तोवर रोज खुर्ची ओढून ठेवत होते. मग एके दुपारी ते लिफ्टला घाबरत, जिना चढत, धापा टाकत बाईंच्या दारात आले.

"काय हेडमास्तर, शाळा बुडवली?"

बाई भिंतीकडं तोंड करून होत्या. "माझं मला खाता येत नाही, माणिकराव. तुमच्यासमोर लहान पोरासारखं कुणी भरवायचं, ते मला नको."

"हां. म्हंजी ती पुण्याला गेलेली म्हातारी, तिला भरवत होता तवा ती ल्हान पोर होती व्हय?"

बाईंनी पांघरूण खांद्यावर ओढलं.

"तिला लाज वाटत नव्हती का? का तिला बोलता येत न्हवतं म्हणून तुमाला कळलं न्हाई?"

मी त्यांच्या मागं ताट घेऊन उभी होते. इतकं टोचून बाईंशी कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. बाई हळूहळू वळल्या. त्यांचा चेहरा एकदम उघडा झाला होता, जसा अंघोळीच्या वेळी होतो. त्या म्हणाल्या, "मणी, माझी ती फिकी निळी साडी काढ. ही चुरगळलीय."

खाली मॅनेजर साहेब आडवे आले. माणिकरावांनी टोपी नीट केली. "साहेब, भरवायला माणूस न्हाई म्हणता ना? मग मी कोण हाय? मला काय काम हाय दिवसभर? शेत हितं न्हाई, बैल न्हाईत."

साहेब बाजूला झाले.

त्याच संध्याकाळी मी सुट्टीवर गावाकडं निघणार होते, लेकीचं बाळंतपण होतं. परत आले तेव्हा निळी साडी घातलेल्या बाई नव्हत्या आणि खोलीत दुसऱ्या कुणाचं सामान लागलं होतं. झोपेतच गेल्या, सगळे म्हणाले. भोकरच्या वसतिगृहातल्या कितीतरी बाया येऊन रडून गेल्या, असं आचाऱ्यानं सांगितलं. ते मी पाहिलं नाही. मी पाहिलं ते त्या दुपारचं, एवढंच.

माणिकरावांनी भाकर कुस्करली, वरणात कालवली आणि शेतकऱ्याच्या पंजात मावेल एवढा घास केला.

"एवढा?" बाई म्हणाल्या. "बैलाला चारताय का?"

"बैल बोलत न्हाई."

अर्धा घास परत ताटात गेला. उरलेला माणिकरावांनी पुढं केला. सगळा हॉल बघत होता आणि बघत नसल्यासारखं करत होता. इंजिनियर काका पाण्याच्या ग्लासात डोकावत होते. बाईंनी मान वर केली, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, तपासणीला फिरवायच्या तशी, आणि तोंड उघडलं. चावलं. मी त्यांच्या गळ्याकडं बघत होते. घास खाली उतरला.

ओठाच्या कडेनं वरण ओघळलं. माणिकरावांनी आपल्या उपरण्यानं पुसलं आणि दुसरा घास कालवायला घेतला.

नेमकं त्याच वेळी मॅनेजर साहेब कुणाला तरी जागा दाखवत दारात आले. तिशीतला पोरगा आणि त्याची म्हातारी आई, पिशवी छातीशी धरलेली. पोरगा आत बघून जरा थबकला. साहेबांनी त्याला पुढच्या व्हरांड्याकडं वळवायला हात केला. म्हातारी मात्र हलली नाही. ती बाईंकडं बघत होती, बाईंच्या तोंडाकडं, माणिकरावांच्या हाताकडं.

बाईंच्या तोंडात घास होता, बोलता येईना. त्यांनी उजवा हात उचलला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. हात थरथरत होता, म्हणून बोटं लाकडावर टपटप वाजत होती. म्हातारीनं पिशवी पोराच्या हातात दिली, आत आली आणि त्या खुर्चीत बसली.

"मणी," बाई घास गिळून म्हणाल्या, "ताट आण."

मी ताट आणायला पळाले. स्वयंपाकघराच्या दारातून मागं वळून पाहिलं तर माणिकराव पुढचा घास हातात धरून थांबले होते, बाई त्या म्हातारीला तिचं नाव विचारत होत्या, आणि त्यांचा हात अजून तिच्या खुर्चीच्या पाठीवर वाजत होता.